फाईल आधी, पुस्तक मग

अगं, तुझा मेसेज वाचला. बारावीनंतर लॉ करायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. आणि लगेच विचारलंस, ‘ताई, क्लास कोणता लावू?’ क्लासचं बोलूच आपण. पण त्याआधी मला एवढं सांग, तुझी कागदपत्रांची फाईल कुठाय? जात प्रमाणपत्र आहे, ते ठाऊक आहे मला. जात वैधता झालीय का? नॉन-क्रीमी लेयर कोणत्या वर्षाचं आहे? डोमिसाईल काढलंयस? शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर तुझ्या नावाचं स्पेलिंग एकच आहे ना?

हे सगळं आधी विचारते, कारण आपल्याकडच्या मुली परीक्षेत मागे पडत नाहीत. शिरपूरच्या, अमळनेरच्या, यावलच्या पोरी चांगले मार्क आणतात. अडतात त्या पुढे, कागद तपासणीत. कोणाचं नॉन-क्रीमी लेयर मार्चअखेर संपलेलं असतं, कोणाच्या वडिलांच्या दाखल्यावर एक आडनाव आणि तिच्या दाखल्यावर दुसरं. मग राखीव जागेवरची मुलगी खुल्या यादीत जाते आणि हातातलं कॉलेज जातं. जात वैधतेला तर महिने लागतात. आजोबांचा शाळेचा दाखला, जुने महसुली कागद, हे शोधायलाच वेळ जातो. अर्ज केल्याच्या पावतीवर कधी कधी मुदत देतात, पण त्या भरवशावर राहू नकोस. अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत वैधतेचा अर्ज टाकायचा असतो. तुझा टाकला नसेल तर अभ्यासाच्या आधी तेवढं कर.

मुलींसाठी यात पैशाचीही मोठी गोष्ट आहे, ती नीट ऐक. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर जागा घेतलीस तर ही माफी नाही. कोणी सांगेल, ‘कॅपची कटकट कशाला, आमच्या ओळखीने थेट जागा देतो’, तर हा हिशेब डोक्यात ठेव. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि दरवर्षी महाडीबीटीवर अर्ज, हे ओघाने आलंच. खोलीभाडं आणि मेस मात्र या माफीत येत नाही.

आता परीक्षा. महाराष्ट्रातल्या लॉ कॉलेजांसाठी राज्य सीईटी कक्षाची लॉ सीईटी २०१६ पासून आहे. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सची वेगळी, पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या कोर्सची वेगळी. फॉर्म भरताना नेट कॅफेवाला घाईत भलत्याच परीक्षेवर टिचकी मारतो, म्हणून स्वतः शेजारी बसून भर. मोबाईल नंबर आणि ईमेल तुझाच टाक, त्याचा नको. पुढे महिनोन् महिने ओटीपी त्याच नंबरवर येतात.

आधी १५० प्रश्नांचा पेपर असायचा, २०२४ पासून १२० प्रश्न, १२० गुण, दोन तास. पाच वर्षांच्या कोर्सला कायद्याचे प्रश्न ३२, तर्काचे ३२, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी २४, इंग्रजी २४ आणि गणित फक्त ८. आर्ट्सवाल्या मुली या गणिताला घाबरून लॉचं नावच काढत नाहीत. १२० पैकी ८ गुण गं! टक्केवारी, नफा-तोटा, सरासरी, काळ-काम एवढं घटवलंस तर त्यातलेही पाच-सहा येतील. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. शेवटची पाच मिनिटं राहिली की उरलेल्यांवर खुणा करून टाकायच्या.

पेपर मराठीतही असतो, इंग्रजीचा विभाग सोडून. पण कायद्याच्या प्रश्नात मराठी पाहून अडखळलीस तर इंग्रजीही वाच. अपकृत्य, प्रतिफल असले शब्द आपल्या बोलण्यात नसतात, दोन्ही वाचलं की उलगडतं. त्यासाठी रोज एक इंग्रजी संपादकीय वाचायची सवय लाव. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि आता हे तिसरं, हे ओझं मला कळतं. पण इंग्रजी टाळून चालणार नाही. जिल्हा न्यायालयात कामकाज मराठीत चालतं, उच्च न्यायालयात इंग्रजीत. आज २४ गुणांसाठी वाचशील ते पुढे आयुष्यभर लागणार आहे.

कायद्याचे प्रश्न कसे सोडवायचे ते एका उदाहरणाने सांगते. समज, प्रश्नात नियम दिलाय: दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवली तर ती चोरी. जमिनीला जोडलेली वस्तू जंगम नसते, पण तोडली की जंगम होते. आता घटना: रावेरच्या एका शेतकऱ्याने बांधालगतच्या झाडावरून केळीचा घड कापून नेला. मोजणीनंतर कळलं की ते झाड शेजाऱ्याच्या हद्दीत होतं. हा मात्र मनापासून समजत होता की झाड आपलंच आहे. चोरी झाली का?

तुझं मन लगेच म्हणेल, झाली, घड शेजाऱ्याचा होता ना! दुसरी म्हणेल, नाही, झाड जमिनीला जोडलेलं, मग चोरी कसली? दोन्ही चूक. घड कापल्याबरोबर तो जंगम झाला, इथवर चोरीची अट पुरी होते. वस्तू दुसऱ्याची, संमती नाही, हलवली, हेही सगळं खरं. पण अप्रामाणिक हेतू? तो खरोखर आपलं समजूनच कापत होता. म्हणून चोरी नाही. शेजाऱ्याला भरपाई मागता येईल का, हा प्रश्न वेगळा, तो विचारलेलाच नाही. दिलेला नियम तुकड्या तुकड्याने घटनेला लावायचा, आणि आपल्याला काय योग्य वाटतं ते बाजूला ठेवायचं. असे पंचवीस-तीस प्रश्न कागदावर कारण लिहून सोडव. मग बघ, हात आपोआप बसतो.

या नियमांच्या जोडीला पाठांतराचे प्रश्नही सीईटीत बरेच येतात: संविधानाची कलमं, मूलभूत हक्क, कोणतं न्यायालय कोणता रिट देतं, लॅटिन संज्ञा. तिथे एक गोष्ट सांभाळ. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही बदलले. सिनेमात ऐकलेलं खुनाचं ३०२ आता १०३ झालंय, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये आहे. भावाची किंवा जुन्या बाजारातली गाईड आणशील तर त्यात अजून जुनेच आकडे असतील. संविधानासाठी जुनं पुस्तक चालेल, फौजदारीसाठी नवंच घे.

क्लास लाव किंवा नको लावूस, पण कॉम्प्युटरवर सराव पेपर दे, आणि पूर्ण दोन तासांचे दे. मोबाईलवर प्रश्न सोडवणं आणि माऊस हातात धरून स्क्रीनवर परिच्छेद वाचणं यात फार फरक पडतो. केंद्र जळगाव-धुळ्यात मिळू शकतं, पण ते शहरात असेलच असं नाही, गावाबाहेरच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजातही असतं. एप्रिल-मेचं ऊन काय असतं ते तुला सांगायला नको. आदल्या दिवशी जागा बघून ये, आणि परीक्षेच्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून लवकर निघ.

क्लॅटचंही विचारलंयस. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी ती परीक्षा. आपल्या राज्यात अशी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. क्लॅट डिसेंबरमध्ये, म्हणजे तुझ्या बोर्डाच्या आधी होते. पेपर फक्त इंग्रजीत, लांबलांब उतारे वाचून उत्तरं द्यायची, आणि चुकलं की पाव गुण जातो. फी भरमसाठ, अर्जालाच हजारांत पैसे. तुझं इंग्रजी वाचन वेगाचं असेल तर दे, नक्की दे. नसेल तर घाबरून किंवा मैत्रीण देतेय म्हणून देऊ नकोस. ते पैसे आणि तो डिसेंबर बोर्डाला आणि सीईटीला दे. क्लॅट नाही दिली म्हणून कोणी कमी दर्जाची वकील होत नाही, हे मी तुला छातीठोकपणे सांगते.

उज्ज्वल निकम जळगावच्या मणियार लॉ कॉलेजात शिकले. १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा आणि २६/११ चा खटला त्यांनी चालवला, पण वकिलीची सुरुवात जळगावच्याच कोर्टात. आणि घरी काका जे म्हणतायत ना, ‘कोर्टात पोरीबाळींचं काय काम’, त्यांना प्रतिभाताई पाटलांची आठवण दे. बोदवडजवळच्या नाडगावची मुलगी. जळगावच्या एम. जे. कॉलेजात शिकली, मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजातून एलएलबी झाली आणि जळगावच्या कोर्टात वकिली करू लागली. १९६२ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी आमदार, २००७ मध्ये राष्ट्रपती. हे सगळं साठ वर्षांपूर्वी सुरू झालं, तेव्हा कोर्टात बायका किती असतील? काका धुळ्याचे, त्यांना लळिंगजवळचा लांडोर बंगला चांगला माहीत आहे. ३१ जुलैला तिथे दरवर्षी माणसं जमतात, कारण १९३७ मध्ये बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याच्या कोर्टात आले तेव्हा तिथे थांबले होते. कोर्टाचं काम काय मोलाचं असतं, हे काकांना वेगळं समजावायची गरज पडू नये.

आता कॉलेज कोणतं. इथे मी तुला माझं मत सांगते, पटलं तर घे. घरची ऐपत असेल आणि मार्क असतील तर पुण्याचं आयएलएस, मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ वरच्या ओळीत टाक. तिथे मूट कोर्ट होतात, मोठ्या वकिलांकडे इंटर्नशिप मिळते, इंग्रजी बोलायची भीती जाते. पण उच्च न्यायालयाचं स्वप्न असेल तर संभाजीनगर विसरू नकोस. जळगाव, धुळे, नंदुरबारची प्रकरणं तिथल्याच औरंगाबाद खंडपीठात जातात, आणि माणिकचंद पहाडे लॉ कॉलेज त्याच शहरात आहे. आणि इथेच, आपल्या लोकांच्या जमिनीच्या, वाटणीच्या, पोटगीच्या केसेस चालवायच्या असतील तर जळगावला शीक. मात्र शिकता शिकता कोर्टात जाऊन बसायचं. लेक्चर संपलं की घरी पळायचं नाही. साक्ष कशी नोंदवतात, उलटतपासणीत वकील कुठे थांबतो, हे कोणतंही पुस्तक शिकवत नाही. घरच्यांना कर्ज काढायला लावून पुण्याच्या एखाद्या नावगाव नसलेल्या कॉलेजात जाण्यापेक्षा मला हे कितीतरी बरं वाटतं.

पसंतीक्रम भरताना मुली एक गैरसमज घेऊन बसतात. वर आयएलएस टाकलं तर खालचं जळगाव हातातून जाईल, असं त्यांना वाटतं. तसं नसतं गं. यादी वरून खाली तपासतात, वरचं नाही मिळालं तर खालच्यासाठी तुझ्या गुणांवरच विचार होतो. म्हणून मनात जो क्रम आहे तोच खरा खरा लिही. फक्त पहिल्या ओळीत जे टाकशील तिथे जायची तयारी हवी, कारण पहिल्या पसंतीचं लागलं तर पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. खालचं काही लागलं तर ते हातात ठेवून पुढच्या फेरीत वरचं मिळतंय का बघता येतं. मागच्या वर्षी कोणत्या कॉलेजात कोणत्या प्रवर्गाची यादी किती गुणांवर बंद झाली, ते सीईटी कक्षाच्या साईटवर असतं. ते उतरवून घे, मग आईवडिलांबरोबर बसून क्रम ठरव. रात्री साडेअकराला शेवटच्या मिनिटाला भरू नकोस, साईट बसते.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यासाठी तुझी आई मला सारखी फोन करते. लॉची कॅप फार लांबते. बारावीचा निकाल मेमध्ये लागतो आणि लॉच्या फेऱ्या पावसाळाभर चालतात, तोवर बीए-बीकॉमचे प्रवेश बंद होतात. म्हणून जवळच्या कॉलेजात बीएला प्रवेश घेऊन ठेव. त्यात काही कमीपणा नाही. लॉ लागलं तर सोड. यंदा नाहीच लागलं, तर पदवी पुरी करून तीन वर्षांचा कोर्स आहेच, त्याला वयाची अट नाही. पण बीएला प्रवेश घेताना मूळ टीसी तिथे जमा होते आणि लॉ लागल्यावर ती परत मिळवायला धावपळ होते. प्रवेश घेतानाच कार्यालयात विचारून ठेव की रद्द केल्यावर टीसी किती दिवसांत देतात आणि फीचे किती पैसे परत मिळतात. गुणपत्रिकेच्या आणि टीसीच्या चार-पाच साक्षांकित प्रती आधीच काढ, शिवाय सगळं स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर टाक. सोमवारी सेतूत नॉन-क्रीमी लेयरसाठी जाशील तेव्हा वडिलांचे मागच्या तीन वर्षांचे उत्पन्नाचे पुरावे घेऊन जा. आणि तिथून मला फोन कर, काय काय राहिलंय ते दोघी मिळून बघू.