पैसे मोजण्याआधी व्हिसा वाचा
आखाती देशांत जाणाऱ्या कारागीर व व्यापारी बांधवांसाठी

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून दरवर्षी अनेक तरुण सौदी अरबस्तान, दुबई, कतार, कुवेत, ओमानकडे रोजीसाठी जातात. कोणी सुतार, कोणी वेल्डर, कोणी शिंपी, कोणी गवंडी. जाताना घरात एकच प्रश्न विचारला जातो : ‘व्हिसा आला का?’ तो कशाचा आला, त्यावर काय लिहिले आहे, हे विचारणारा क्वचितच भेटतो. वास्तविक पाहता व्हिसा हा परवाना आहे, आणि परवाना म्हटला की तो कशासाठी, किती दिवसांसाठी व कोणाच्या नावे हे पाहावेच लागते. दुकानाचा परवाना आपण बारकाईने वाचून घेतो. मग ज्या कागदासाठी घरचे दागिने गहाण पडतात तो न वाचता कसा चालेल?

‘तो अरबीत असतो, आम्हाला काय समजणार’ असे उत्तर मिळते. ते मला पटत नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी मकतबात नाजरा केलेला आहे. उर्दू शाळेत चार इयत्ता काढलेल्याला तर अक्षरांची अडचणच नाही. व्हिसावर इंग्रजी मजकूरही असतो, पण धंद्याचे नाव व प्रवासाचा हेतू अरबीत नीट कळतो. जेर-जबर छापलेले नसते, तरी शब्द मोजकेच आहेत, आणि त्यांतले निम्मे उर्दूत आपण रोज वापरतो.

कोणते शब्द पाहावेत

सर्वप्रथम ‘नौअ’ व ‘गरज’ हे दोन शब्द शोधावेत. नौअ म्हणजे व्हिसाचा प्रकार आणि गरज म्हणजे हेतू. त्यापुढे ‘अमल’ (ऐन, मीम, लाम) असेल तर व्हिसा कामाचा. ‘सियाहा’ असेल तर पर्यटनाचा. आपली सैर-सियाहत तीच. ‘जियारा’ (जे, ये, अलिफ, रे व शेवटी गोल ते) असेल तर तो भेटीचा. येथे आपले लोक फसतात. उर्दूत जियारत म्हणजे पवित्र स्थळाचे दर्शन, म्हणून शब्द ओळखीचा व बरकतीचा वाटतो. अरबीत मात्र त्याचा अर्थ साधी भेट एवढाच. जियारा लिहिलेल्या कागदावर काम करता येत नाही. उमऱ्याच्या व्हिसावरही करता येत नाही. ‘आधी उमऱ्याला चला, मग तिथेच काम लावून देतो’ असे सांगणारा दलाल तुमचा हितचिंतक नव्हे.

दुसरा शब्द ‘मेहना’ (मीम, हे, नून, गोल ते), म्हणजे पेशा. ज्या कागदावर हा रकाना असेल तेथे तो नीट वाचावा. शिंपी ‘खय्यात’, सुतार ‘नज्जार’, लोहार ‘हद्दाद’ हे शब्द उर्दूतही आहेत. गवंडी ‘बन्ना’. वेल्डर ‘लह्हाम’, नळकाम करणारा ‘सब्बाक’, वीजकाम करणारा ‘कहरबाई’ हे तीन नवे आहेत, ते लिहून ठेवावेत. नुसते ‘आमिल’ (ऐन, अलिफ, मीम, लाम) असेल तर तो साधा मजूर. हातात हुन्नर असून कागदावर आमिल लिहिले असेल, तर पगाराची बोलणी करताना तुमची बाजू तेवढीच लंगडी होते.

त्याहून सावध राहावे ते ‘साइक खास’, ‘आमिल मंजिली’ आणि ‘राई’ या तिघांपासून. साइक खास म्हणजे घरचा ड्रायव्हर, आमिल मंजिली म्हणजे घरगडी, राई म्हणजे मेंढपाळ. ही कामे हलकी आहेत असे माझे म्हणणे नाही. मेहनतीची रोजी कोणतीही असो, ती इज्जतीचीच. परंतु सौदीमध्ये घरकामगारांना तेथील सर्वसाधारण कामगार कायदा लागू होत नाही, त्यांच्यासाठी वेगळे नियम आहेत. वेल्डरचे काम सांगून साइक खासचा कागद हाती दिला, तर कारखान्याशी तुमचे कागदोपत्री काहीच नाते उरत नाही.

आपल्याच तालुक्यातील एका वेल्डर मुलाचे असेच झाले. दुकानात कापड घ्यायला आला आणि आनंदाने कागद दाखवू लागला. दोन हप्ते ठरले होते, पहिला दिलेला होता. कागदावर साइक खास लिहिले होते आणि मुलाला मोटारसायकलखेरीज काही चालवता येत नव्हते. दुसरा हप्ता थांबविला. पहिल्यातले थोडे पैसे बऱ्याच खेपा घातल्यावर परत आले, बाकीचे अजून यायचेच आहेत.

आणखी एक गंमत. अरबी कागदावर ‘रकम’ दिसली की आपल्याला पैसे आठवतात. तेथे रकम म्हणजे क्रमांक. ‘रकम अल-जवाज’ म्हणजे पासपोर्टचा नंबर. तो अंकन् अंक पासपोर्टशी जुळवून पाहावा. ‘मुद्दत अल-इकामा’ म्हणजे मुक्कामाची मुदत. व्हिसा अमुक तारखेपर्यंत वैध आहे याचा अर्थ त्या तारखेच्या आत देशात शिरायचे. शिरल्यानंतर किती दिवस राहता येईल ते वेगळे लिहिलेले असते. या दोन गोष्टींची गल्लत करून दंड भरणारे पुष्कळ आहेत. सौदीत कामाच्या व्हिसावर पोहोचल्यानंतर ९० दिवसांच्या आत मालकाने इकामा काढून द्यावयाचा असतो. तो हाती आला नाही तर विचारणा करण्याची जबाबदारी आपली.

अंक वाचतानाही जपावे. उर्दू पाच आणि अरबी पाच यांची वळणे निराळी. अरबीत पोकळ गोल म्हणजे पाच, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. करारात उभी रेघ, मग गोल, मग दोन ठिपके असतील तर ते दीड हजार रियाल. घाईत गोलाला शून्य समजले की सगळा हिशेब चुकतो. प, ट, च, ग ही अक्षरे अरबी लिपीत नाहीत; म्हणून परवीनचे ‘बरवीन’ व पटेलचे ‘बातील’ छापलेले आढळल्यास घाबरू नये. इंग्रजीतील नाव पासपोर्टबरहुकूम असले म्हणजे झाले.

सौदीचा व्हिसा पूर्वी पासपोर्टवर चिकटवून मिळत असे. भारतातील अर्जदारांसाठी १ मे २०२३ पासून ते बंद झाले. आता क्यूआर कोड असलेला साधा छापील कागद मिळतो. साधा कागद म्हटला की बनावटगिरीला वाव आला, म्हणून तो कोड तपासून घेतल्याशिवाय पुढचा पैसा देऊ नये.

‘आझाद व्हिसा’ नावाची वस्तू

बाजारात ‘आझाद व्हिसा’ सर्वांत महाग विकला जातो. कफील फक्त नावाचा, काम वाटेल तेथे करा, असे त्याचे वर्णन. आखाती देशांच्या कायद्यात असा व्हिसा अस्तित्वात नाही. तो कोण्या एका मालकाच्या नावे काढलेला साधा कामाचा व्हिसा असतो आणि दुसरीकडे काम केले की गुन्हा होतो. सौदी सरकारने २०१३ साली निताकात धोरणाबरोबर तपासणीची मोहीम काढली, तेव्हा नेमके हेच विचारले गेले : इकाम्यावर ज्याचे नाव आहे त्याच्याकडेच काम करता का, आणि इकाम्यावर लिहिलेलेच काम करता का? कागद सुधारून घेण्यास ३ नोव्हेंबर २०१३ पर्यंत मुदत दिली गेली. त्यानंतर धरपकड झाली, आणि हजारो भारतीय रिकाम्या हाताने परतले. संयुक्त अरब अमिरातीने २०२४ साली कायदा आणखी कडक केला. परवाना नसलेल्या माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकास १ लाख ते १० लाख दिरहमपर्यंत दंड आहे. एवढी जोखीम घेऊन भेटीच्या व्हिसावरील माणसाला जो कामावर ठेवील, तो पगारही बुडवील हे उघड आहे. तक्रार करायला गेले तर आधी तुमचाच कागद विचारतात.

आपल्या देशातील बाजू

आपल्या सरकारचा १९८३ चा उत्प्रवास कायदा याच कामगारांसाठी आहे. जो दहावी उत्तीर्ण नाही त्याच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘ईसीआर’ असा शेरा येतो. असा पासपोर्टधारक सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, मलेशिया आदी १८ देशांत कामासाठी जाणार असेल, तर त्याला उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. महाराष्ट्रासाठी हे कार्यालय मुंबईला आहे आणि काम ई-मायग्रेट या सरकारी संगणक व्यवस्थेतून चालते. लोकांना हा शेरा डाग वाटतो. वस्तुतः त्या मंजुरीमुळे पगार, कामाचे तास व मालकाचे नाव यांची नोंद सरकारदरबारी होते. भेटीच्या व्हिसाला ही मंजुरी लागत नाही, आणि दलालाला तो आवडतो तो याच कारणाने. मग तिकडे काही बरेवाईट झाले तर तुम्ही कामगार म्हणून गेला होता याचा कोठेही पुरावा नसतो.

मंजुरीबरोबर प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा उतरवावा लागतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये. हप्ता दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये. दलालाला लाखाने देणारा माणूस हे पावणेतीनशे वाचविण्यासाठी आडवाट धरतो, हे पाहून वाईट वाटते.

एजंटाने किती घ्यावेत हेही ठरलेले आहे. परवानाधारक एजंटाचा सेवाआकार जास्तीत जास्त ३० हजार रुपये, शिवाय जीएसटी. परवान्याचा नंबर मागावा, तो चालू आहे की संपला आहे ते ई-मायग्रेटवर पाहावे, पैसे बँकेतून द्यावेत व पावती घ्यावी. गावोगाव फिरणाऱ्या सब-एजंटाला कायद्यात स्थान नाही, मग तो नात्यातला का असेना. नात्यातला असला की पावती मागायची लाज वाटते, आणि तेथेच घात होतो.

जे दहावी उत्तीर्ण आहेत त्यांनी पासपोर्टच्या अर्जासोबत प्रमाणपत्र जोडावे. ते जोडले नाही म्हणून शेरा येऊन बसल्याची उदाहरणे आहेत. आयकर भरणारे आणि पन्नाशी ओलांडलेले यांनाही शेऱ्यातून सूट आहे.

नावाची भानगड आपल्या वऱ्हाडात खास आहे. ‘शेख रहीम शेख करीम’ असे बापलेकांचे जोडनाव आपण लिहितो. शाळेच्या दाखल्यावर ते पूर्ण असते, मतदार यादीत ‘शे. रहीम शे. करीम’ होते, आधारवर मधलेच गळते, आणि शेखचे इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक कारकुनागणिक वेगळे. पासपोर्टच्या अर्जात संक्षेप चालत नाही. मुलींचे तर आणखी अवघड : कोठे नुसते ‘शबाना’, कोठे ‘शबाना बी’, लग्नानंतर ‘जौजे’ लावून तिसरेच. अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाच शब्दाचे नाव असलेल्या पासपोर्टवर भेटीच्या वा पर्यटनाच्या व्हिसाने प्रवेश नाकारण्याचा नियम काढला. पुढे, पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असल्यास चालेल असा खुलासा झाला. तरी विमानतळावर खुलासे करीत बसण्यापेक्षा दाखला, आधार व पॅन आधी एकसारखे करून मगच नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज करावा. छत्तीस पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये आहे. ‘तत्काळ’साठी आणखी २००० लागतात. कागद जुळत नसतील तर तत्काळचाही उपयोग होत नाही. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक असावी.

व्यापारी बांधवांचे प्रकरण त्यामानाने सोपे. बर दुबईच्या कापड बाजारात माल पाहणे, भाव करणे व ऑर्डर देणे भेटीच्या व्हिसावर होते. तेथे गल्ल्यावर बसणे मात्र नोकरी ठरते. सोबत एका वेळी ३००० डॉलरपर्यंतच परकी नोटा नेता येतात, बाकीचे कार्डावर किंवा बँकेमार्फत. चीनमध्ये माल घ्यायला जायचे तर ‘एम’ वर्गाचा व्यापारी व्हिसा लागतो आणि त्यासाठी तेथील पेढीचे किंवा प्रदर्शनाचे निमंत्रणपत्र. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या चिनी वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. ग्वांगझौचे कँटन प्रदर्शन दरवर्षी वसंतात व शरदात भरते, आणि कापड, तयार कपडे व घरगुती वस्त्रे त्याच्या तिसऱ्या टप्प्यात असतात. पहिल्या टप्प्याचे तिकीट काढून गेलात तर यंत्रे आणि विजेची उपकरणे पाहून परत याल.