घरांतील विनोद

अमेरिकेंत १९५१ सालीं 'आय लव्ह लूसी' ही दूरचित्रवाणी-मालिका सुरू झाली. पतिपत्नी व शेजारी यांच्या नित्याच्या खटपटी हाच तिचा विषय. परंतु असा विनोद आपल्या भाषेंत त्यापूर्वींच अवतरला होता. बडोद्यास पाली भाषा शिकविणारे चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) यांनीं पुण्याचा कारकून चिमणराव निर्माण केला. १९४० सालीं मास्टर विनायक यांनीं 'लग्न पहावें करून' या चित्रपटांत त्यास पडद्यावर आणिलें. पुढें मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव व बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले.

या विनोदाचें मर्म कशांत आहे? चिमणराव आपली फजिती आपल्याच तोंडानें सांगतो. घरचा कर्ता स्वतःसच हंसतो. म्हणून आपणही मोकळ्या मनानें हंसतों.

बुरोंडीच्या घरांतही कालवणांत मीठ जास्त पडतें, छत्री हरवते, पाहुणे अवेळीं येतात. अशा वेळीं चुकलेल्याची थट्टा करणें सोपें. परंतु लहान मुलाच्या मनांत ती दीर्घकाळ सलते, आणि तें पुढची चूक लपवूं लागतें. याउलट वडील माणसानें प्रथम आपली फजिती सांगितली, तर मुलासही खरें सांगण्याचा धीर येतो. ज्या घरांत मूल खरें सांगावयास भीत नाहीं, तेथील हंसणेंच निर्मळ होय.