चित्र विका, हक्क राखा

कॉमिक्सच्या प्रदर्शनात पहिल्यांदा टेबल घेणाऱ्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी हे सांगते: चित्र मनापासून विका, पण त्यावरचा हक्क स्वतःकडे ठेवा. दिल्लीत २०११ मध्ये पहिलं कॉमिक कॉन भरलं, पुढे ते मुंबईतही आलं, आणि स्वतः लिहून, काढून, छापून विकणाऱ्या आम्हा चित्रकारांना वाचक समोरासमोर भेटू लागले. मधला प्रकाशक नसला, तरी त्याची सगळी कामं असतातच. हिशेब, छापखाना, वसुली, करार हे सारं आपल्या अंगावर येतं, आणि त्याचं शिक्षण फारसं कुणी देत नाही.

माझ्या एका कॉमिकमध्ये स्कूटरवरून गाव पालथं घालणारी आजी आहे. प्रदर्शनात ती एका कंपनीच्या लोकांना आवडली. त्यांनी कॅलेंडरसाठी तिचं रंगचित्र करून मागितलं. काम झालं, पैसेही वेळेवर मिळाले. पुढच्या वर्षी तीच आजी त्यांच्या मगांवर आणि कापडी पिशव्यांवर दिसली. विचारल्यावर उत्तर आलं, “मॅडम, चित्र आम्ही पैसे देऊन करून घेतलंय. आता ते आमचंच.”

हे उत्तर उडवून लावण्यासारखं नव्हतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र काढलं आणि वेगळा करार केला नसेल, तर त्याच्या कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. माझ्या बाजूने उभी राहिली ती अंदाजपत्रकातली एक ओळ: ‘वापर एका वर्षाच्या छापील कॅलेंडरपुरता, बाकी सर्व हक्क चित्रकाराकडे.’ काम सुरू होण्याआधी त्यांनी ती ईमेलवर मान्य केली होती. तरीही विक्री थांबली ती वकिलाची नोटीस गेल्यावरच, आणि तोवर खपलेल्या मालाचे पैसे मला मिळाले नाहीत. ती ओळ नसती, तर माझ्याच पुढच्या कॉमिकमध्ये आजी काढतानाही वाद ओढवला असता.

म्हणून प्रत्येक सांगून घेतलेल्या कामावर वापर, मुदत आणि मोबदला लिहा. टेबलावर बसल्या बसल्या कुणाचं व्यक्तिचित्र काढून दिलं, तरी पावतीवर ‘खासगी वापरासाठी, छपाईचे हक्क चित्रकाराकडे’ असं लिहा आणि त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्या. रोज लिहायचा कंटाळा येत असेल, तर रबरी शिक्का करून घ्या.

कुणी हक्कच मागितले, तर कलम १९ वाचून मग बोला. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि तुमच्या सहीनेच होतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’, ‘सर्व माध्यमांत’ हे शब्द करारात म्हणूनच मुद्दाम घातलेले असतात. ते दिसले की थांबा, आणि प्रत्येक शब्दाची वेगळी किंमत सांगा.

मूळ चित्रंही सांभाळा. शि. द. फडणीस यांची हास्यचित्रं मासिकांतून घरोघरी पोचली आणि पुढे ‘हसरी गॅलरी’ या प्रदर्शनातून लोकांनी ती पुन्हा भिंतीवर पाहिली. छापून झालं म्हणून चित्राचं काम संपत नाही. मूळ पान विकायचं असेल तर आधी ते नीट स्कॅन करा आणि कागद विकतोय, छापायचा हक्क विकत नाही, हे पावतीवर नोंदवा.

आता टेबलाचा हिशेब. समजा, अंकाची किंमत १५० रुपये आणि छपाई ६० रुपये. हातात राहिले ९०. टेबलाचं भाडं, प्रवास, राहणं मिळून ९,००० रुपये होत असतील, तर १०० अंक विकल्यावर तुम्ही फक्त बरोबरीला येता. टेबल भरण्याआधी हे गणित मांडा. गर्दी खेचायला परदेशी सुपरहिरोंची चित्रं मांडण्याचा मोह होईल. ती खपतातही. पण ती पात्रं दुसऱ्याच्या मालकीची आहेत, आणि ती घेऊन गेलेला माणूस तुमची गोष्ट वाचायला परत येईलच असं नाही. समोर तुमची गोष्ट ठेवा, पहिली चार पानं लोकांना उभ्या उभ्या वाचू द्या, आणि पुढचा अंक कळवण्यासाठी त्यांना विचारून त्यांचा पत्ता एका वहीत लिहून घ्या. मला टिकवलं ते अशाच वहीने.

छापखान्यात प्रूफ पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. पडद्यावरचा झळझळीत हिरवा आणि निळा कागदावर मंदावतो. सेंटर पिनच्या अंकाची पानं ४च्या पटीत लागतात. थोड्या प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई परवडते. ऑफसेटमध्ये प्लेटचा खर्च आधीच बसतो, त्यामुळे ती मोठ्या संख्येलाच स्वस्त पडते. पहिल्या अंकाला कमी प्रती काढा.

दुकानात अंक विक्रीसाठी ठेवताना प्रती, कमिशन आणि हिशेबाची तारीख चलनावर लिहून सही घ्या. एक दुकान बंद झालं तेव्हा माझ्या प्रती परत मिळाल्या त्या अशा चलनामुळेच. शिवाय उद्यम नोंदणी करा. ती मोफत आहे. २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांपेक्षा जास्त लांबवण्याचा करारही चालत नाही, आणि उशीर झाला तर व्याज मागता येतं. बिलावर नोंदणी क्रमांक छापलेला असला की ही गोष्ट समोरच्याला आपोआप कळते.

तुमच्या चित्रावरचा हक्क तुमच्या हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. टेबलाशी उभं राहून भरभरून कौतुक करणाऱ्याने तिथेच सही मागितली, तर एवढा मोठा काळ त्याला देऊन टाकू नका. करार घरी न्या, जाणत्याला दाखवा, न पटलेली ओळ खोडून परत पाठवा. ज्याला तुमचं काम खरोखर हवं असतं, तो दोन दिवस थांबतो.