अर्धांगवायूनंतरची उदासी : हा स्वभाव नव्हे, आजार आहे



अर्धांगवायूला आपल्या जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांत कोणी लकवा म्हणतात, कोणी ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. वारं गेल्यावर दवाखान्यात न्यायचे, गोळ्या चालू ठेवायच्या, हातापायाचा व्यायाम करून घ्यायचा, एवढे आता बऱ्याच घरांना ठाऊक आहे. पण दोन-तीन महिने उलटले की घरातून वेगळीच तक्रार येते. “आबा व्यायामच करत नाहीत.” “आई भिंतीकडे तोंड करून पडून राहते.” “जेवण दिलं तर जेवतात, नाही दिलं तर मागत नाहीत.” या महिन्याच्या पाठात आपण या तक्रारीचा विचार करणार आहोत.

एक घर डोळ्यांसमोर आणू

समजा, वस्तीत एक आबा आहेत. वय सदुसष्ट. आयुष्यभर मजुरी केली, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलले. विहारात वंदना तेच घेत. दर वर्षी मुलांना लेण्याद्रीला आणि मानमोडीच्या डोंगरावर नेऊन, ही आपली बौद्ध लेणी आहेत, असे सांगत. वारं गेल्यावर उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा वस्तीतली सगळी माणसे भेटून गेली. पुढे भेटणारे कमी झाले. आता आबा पहाटे तीनला जागे होतात. नातू जवळ आला तरी हसत नाहीत. परवा म्हणाले, “मला कशाला जगवता? तुमच्यावर ओझं झालोय.”

घरातले काय म्हणतात? “वय झालं, असं होणारच.” शेजारी म्हणतात, “मन खंबीर करा.” कोणी तर म्हणतो, “मागच्या जन्मीचं कर्म.” ही तिन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि त्यांच्यामुळे उपचार लांबतो.

ही उदासी येते कशी?

अर्धांगवायूत मेंदूची रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. मेंदूच्या त्या भागाला रक्त मिळत नाही आणि तो दुखावतो. हात-पाय हलवणारा भाग दुखावला तर हात-पाय जातो. आनंद, झोप, भूक, उमेद सांभाळणारी यंत्रणाही मेंदूतच असते, तिलाही धक्का बसतो. त्यात काम सुटते, पैसा थांबतो, संडासला जायलाही दुसऱ्याचा हात लागतो. शरीराचे आणि परिस्थितीचे असे दोन्ही मार मनावर एकदम बसतात.

अर्धांगवायू झालेल्या साधारण दर तिघांपैकी एकाला अशी उदासी गाठते. बहुतेकांना ती पहिल्या वर्षातच येते. म्हणजे आबांना झाले ते दुर्मीळ नाही आणि लाज वाटण्यासारखेही नाही.

ती अंगावर काढली तर नुकसान मोठे आहे. उदास माणूस व्यायाम करत नाही, म्हणून हात-पाय सुधारत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चुकवतो, म्हणून पुन्हा वारं जाण्याचा धोका वाढतो. जेवण कमी होते, अशक्तपणा येतो, पडणे होते. अर्धांगवायूनंतर उदासी आलेल्यांत मृत्यूचे प्रमाणही जास्त आढळते. म्हणून मनाचा उपचार हा अर्धांगवायूच्या उपचाराचाच भाग धरायचा.

ओळखायची कशी?

घरातल्या माणसाने दोन प्रश्न विचारावेत. एक : गेले दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास, निराश वाटते का? दोन : पूर्वी ज्यात गोडी होती त्यात आता गोडी वाटते का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ किंवा दुसऱ्याचे ‘नाही’ आले तर डॉक्टरांना दाखवायचे.

बोलता येत नसेल तर मान हलवून किंवा हात दाबून उत्तर घ्यावे. तेही जमत नसेल तर घरच्यांनी नजर ठेवावी : झोप मोडते का, भूक गेली का, सारखे रडू येते का, चिडचिड वाढली का, व्यायामाला नकार देतात का, माणूस आला की तोंड फिरवतात का?

दोन गोष्टींत गफलत होते. काही जणांना अर्धांगवायूनंतर कारण नसताना एकदम रडू फुटते किंवा हसू येते आणि क्षणात थांबते. मनात दुःख नसतानाही असे होते. यावरही औषध आहे. दुसरे म्हणजे, रक्तातले मीठ कमी होणे, थायरॉइड, बी-१२ची कमतरता, कमी ऐकू येणे यांमुळेही माणूस गप्प, सुस्त होतो. म्हणून घरबसल्या ठरवू नये, तपासणी करावी. माणूस अचानक बरळू लागला, गुंगीत गेला, तोंड पुन्हा वाकडे झाले किंवा नवीन अशक्तपणा आला तर ती उदासी समजू नये. लगेच १०८ला फोन करावा.

उपचार कोणते?

*पहिला उपचार बोलण्याचा.* यासाठी प्रत्येक वेळी मोठाच डॉक्टर लागतो असे नाही. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेच्या मंडळींनी साठीच्या पुढच्या, उदासीची थोडी लक्षणे असलेल्या १८१ जणांवर अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी अर्ध्या लोकांशी ठरावीक भेटी ठेवल्या. अडचणी एकेक करून कशा सोडवायच्या, झोपेची घडी कशी बसवायची, आपल्या आजारांची काळजी कशी घ्यायची, हे शिकवले. वर्षभरात या गटात शंभरात साधारण ४ जणांना पूर्ण नैराश्याचा आजार झाला. नेहमीच्याच सेवेवर राहिलेल्या गटात तो शंभरात १४ जणांना झाला. हा अभ्यास केवळ अर्धांगवायूच्या रुग्णांचा नव्हता. तरी आपल्यासारख्या साध्या घरांतल्या वृद्धांना शिकलेल्या साध्या माणसाच्या बोलण्याचाही आधार होतो, हे त्यातून दिसते.

*दुसरा उपचार कामाचा.* मन लागेल तेव्हा काम करू, असे उदास माणूस म्हणतो. खरे तर थोडे काम केले की मन मागून येते. रोज दोन छोटी कामे ठरवा आणि ती एका हाताने होणारी असू द्या : लसूण निवडणे, मेथी मोडणे, नातवाला पाढे म्हणायला लावणे, पेपरातली चित्रे पाहणे. आधी आवडीचे काय होते ते आठवा. आबांना लेण्याद्रीच्या पायऱ्या आता चढवणार नाहीत. पण त्या लेण्यांची गोष्ट नातवाला अडखळत सांगता येईल. फिरणे दिवसाउजेडी, घर ते विहार एवढेच ठेवा. आपल्याकडे उसाच्या कडेला बिबट्याचा वावर असतो, म्हणून अंधार पडल्यावर किंवा भल्या पहाटे बाहेर नको.

*तिसरा उपचार गोळ्यांचा.* उदासी जास्त असेल तर डॉक्टर नैराश्यावरची गोळी देतात. तिच्याविषयी चार गोष्टी ध्यानात ठेवा.

१. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला त्याहून जास्त. आठ दिवसांत “काही फरक नाही” म्हणून सोडू नका.

२. बरे वाटले तरी साधारण सहा महिने तरी ती चालू ठेवायची असते. एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात. झोपेच्या गोळीसारखी तिची सवय लागत नाही.

३. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिची चिठ्ठी डॉक्टरांना नक्की दाखवा. दोन्ही मिळून रक्तस्राव होऊ शकतो. काळी शौच, हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग दिसले तर लगेच कळवा. गुंगी, गोंधळ वाढला किंवा तोल जाऊ लागला तर रक्तातले मीठ तपासून घ्या.

४. शेजाऱ्याच्या घरची झोपेची गोळी देऊ नका. म्हाताऱ्या माणसाचा तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते. दारूने तर उदासी वाढतेच.

एक खुलासा करतो. उदासी नसतानाही अर्धांगवायूच्या प्रत्येक रुग्णाला यातली एक गोळी दिली तर हात-पाय लवकर सुधारतील का, हे ब्रिटनमध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांवर तपासले गेले. हात-पाय सुधारण्यात फायदा दिसला नाही, उलट हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. म्हणून ही गोळी ताकदीची म्हणून मागू नका. उदासी असेल तर मात्र तिला नको म्हणू नका.

दाखवायचे कुठे?

आधी आशाताईंना सांगा आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव येथे ग्रामीण रुग्णालये आहेत, मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. मानसोपचाराचे डॉक्टर कोणत्या दिवशी भेटतात, हे तिथे विचारून मगच रुग्णाला न्या, म्हणजे गाडीभाडे वाया जाणार नाही. पुढचा उपचार लागला तर औंधचे जिल्हा रुग्णालय आणि पुण्याचे ससून आहे. घरातून निघता येत नसेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, दिवस-रात्र लागतो आणि मराठीत बोलता येते.

“मला जगायचं नाही” म्हणाले तर

हे बोलणे हसण्यावारी नेऊ नका, रागावूही नका. शांतपणे विचारा, “आबा, जीव द्यावा असं मनात येतं का? कसा द्यायचा ते ठरवलंय का?” विचारल्याने कल्पना सुचत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आले तर त्यांना एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. शेतावरची औषधे, दोर, जास्तीच्या गोळ्या कुलुपात ठेवा. कोणी काही करून बसले असेल तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका. १०८ला बोलवा. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मध्ये अशा माणसाला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणाखाली होता असे धरून उपचार देण्याची तरतूद आहे.

धम्म काय शिकवतो?

मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मी भोग येतो हा सिद्धांत बुद्धांचा नाही, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मांडले आहे. म्हणून आजाऱ्याला कर्माचा दोष देणे आपल्याला शोभत नाही. अंगाऱ्या-धुपाऱ्यात पैसा घालवणेही शोभत नाही.

भगवंतांनी दोन बाणांचा दाखला दिला आहे. शरीराला लागतो तो पहिला बाण, मनाला लागतो तो दुसरा. काही जण त्याचा अर्थ असा लावतात की दुसरा बाण लागला तर दोष माणसाचा. आम्हाला तसे वाटत नाही. अर्धांगवायूने मेंदूच दुखावलेला असतो, त्या माणसाला तो बाण एकट्याने उपटता येत नाही. तो काढायला मदत करणे आपले काम. घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला भगवंतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः आंघोळ घातली, ही गोष्ट आपण विहारात ऐकतो. ती फक्त ऐकण्यासाठी नाही.

विहाराने काय करावे? पौर्णिमेला आजारी माणूस येऊ शकत नसेल तर चार जणांनी त्यांच्या घरी जाऊन वंदना घ्यावी. यात औषधाचाही भाग आहे. वाचा गेलेल्या काही जणांना साधे वाक्य बोलता येत नाही, पण लहानपणापासून पाठ असलेले त्रिशरण सुरात म्हणता येते. कारण पाठ झालेले आणि सुरातले शब्द मेंदू वेगळ्या वाटेने काढू शकतो. ज्या आबांनी वर्षानुवर्षे वंदना घेतली, त्यांच्या तोंडून पुन्हा ‘बुद्धं सरणं’ निघाले तर त्या घराला केवढा धीर येईल!

आणि सूनबाईला विसरू नका. आजाऱ्याला उठवणारी, धुणारी, भरवणारी बहुधा तीच असते, नाहीतर म्हातारी आजी असते. तिचीही झोप मोडते, तिलाही उदासी गाठते. आठवड्यातून दोन दुपारी मुलाने, शेजाऱ्याने किंवा महिला मंडळातल्या कोणी आजाऱ्याजवळ बसावे, म्हणजे तिला सुटका मिळेल.

मंडळात चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीत अर्धांगवायू झालेली किती माणसे आहेत? त्यांच्या घरी शेवटचे कोण, कधी गेले?

२. वरचे दोन प्रश्न त्यांना कोण विचारील?

३. विहाराच्या पायरीला उतार करता येईल का?

४. पुढच्या पौर्णिमेची वंदना कोणाच्या घरी घ्यायची?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर आजच ठरवून उठावे, एवढी आमची विनंती.