आग मांडीला, सुई कमरेला

मांडीच्या बाहेरच्या आणि पुढच्या भागावर आग होणे, मुंग्या येणे, कातडी बधिर पडणे, पँटचे कापड घासले तरी चटका बसणे, या दुखण्याला वैद्यकात मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. जर्मन डॉक्टर मार्टिन बर्नहार्ट यांनी १८७८ मध्ये त्याचे वर्णन केले. रशियन डॉक्टर व्लादिमिर रोथ यांनी १८९५ मध्ये त्याला हे नाव दिले आणि त्याच वर्षी सिग्मंड फ्रॉइड यांनी स्वतःच्या मांडीच्या याच त्रासावर लेख लिहिला. इतक्या जुन्या, इतक्या ओळखीच्या दुखण्याला पारनेर परिसरातले रुग्ण मात्र घरूनच निदान घेऊन येतात: ‘शीर दबली, सायटिका झालाय, सुई मारा.’

शीर दबलेली असते हे खरे, पण ती सायटिकाची नव्हे. मांडीच्या बाहेरच्या कातडीची नस कमरेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याजवळून निघते, ओटीपोटातून पुढे येते आणि कमरेच्या हाडाचे जे टोक पुढून हाताला लागते, त्याच्या आतल्या अंगाने जांघेतल्या पट्ट्याखालून मांडीत उतरते. तिथे जागा अरुंद असते. सुटलेले पोट, पोटाखाली आवळलेला पट्टा, घट्ट जीन्स, करकचून बांधलेली परकराची नाडी, कमरेला लटकवलेली हत्यारे, गरोदरपण, यांपैकी कशानेही तिच्यावर दाब येतो. मधुमेहात नस आधीच नाजूक झालेली असते, त्यामुळे थोडा दाबही पुरतो. ही नस फक्त कातडीची संवेदना वाहून नेते. एकही स्नायू तिच्या हुकमतीत नाही. म्हणून मांडी कितीही भाजल्यासारखी वाटली तरी या दुखण्यात पाय लुळा पडत नाही. अर्ध्या रात्री गाडी करून पुणे गाठण्याची वेळ यात येत नाही.

पायात मुंग्या आल्या की मणक्यातली गादीच सरकली असणार, हा समज सहजी जात नाही. सायटिकाची कळ बहुधा कुल्ल्यातून मांडीच्या मागून गुडघ्याखाली, पोटरी-पावलापर्यंत जाते आणि बरेचदा बसल्यावर वाढते. मांडीच्या या आगीची हद्द गुडघ्यावरच संपते. ती फार वेळ उभे राहिल्याने किंवा चालल्याने वाढते आणि पुष्कळांना बसल्यावर बरे वाटते. रुग्णाने बोटाने बधिर भागाची कड दाखवली की निदान अर्धे होते. पँटच्या खिशात हात घातल्यावर तळहात जिथे टेकतो, साधारण तेवढाच तो तुकडा असतो. डॉक्टर तिथे कापूस फिरवून संवेदना पाहतात, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया आणि पायाची ताकद तपासतात. या दोन्ही गोष्टी शाबूत असल्या तर बहुतेक वेळा एमआरआयची घाई लागत नाही. पाठीचा कसलाही त्रास नसलेल्या पन्नाशीच्या माणसांचा एमआरआय केला, तरी सुमारे ६० टक्के जणांच्या गाद्या फुगलेल्या दिसतात. अहवालात गादी दिसली म्हणून दुखणे गादीचेच, असे होत नाही.

सुपा एमआयडीसीत पाळीवर उभ्याने काम करणाऱ्या, पंचेचाळिशीतल्या, पोट सुटलेल्या एका रुग्णाचे उदाहरण नमुनेदार आहे. उजव्या मांडीची आग सुरू झाल्यावर त्याने आधी मोबाइलवर ‘पाच मिनिटांत सायटिका गायब’ छापाचे व्यायाम पाहिले. मग नस बसवणाऱ्याकडून कंबर मोडून घेतली, ठिकठिकाणी कमरेत सुया घेतल्या आणि शेवटी मेडिकलमधून कमरेचा रुंद पट्टा आणला. आग वाढली की तो पट्टा आणखी एक घर आवळत असे. पट्ट्याची खालची कड नेमकी त्या हाडाच्या टोकावर बसत होती; म्हणजे दुखण्याचे कारणच त्याने विकत आणून कमरेला बांधले होते. तपासणीत पट्ट्याचा वळ आणि बधिर तुकडा एकाच बाजूला सापडला. पट्टा सुटला, पँटचे माप वाढले आणि काही आठवड्यांत आग निम्म्यावर आली. त्यानंतर सुई लागलीच नाही.

बहुतेक रुग्णांत हेच घडते. दाब काढणे, कपडे सैल करणे, वजन उतरवणे, साखर आटोक्यात आणणे आणि चार-सहा आठवडे धीर धरणे, हा पहिला उपचार आहे. गरोदरपणातला त्रास सहसा बाळंतपणानंतर ओसरतो. झोप उडवणाऱ्या आगीसाठी नसेच्या वेदनेवरची वेगळी औषधे असतात. त्यांनी गुंगी येते, म्हणून ती शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आणून घेऊ नयेत.

एवढे करूनही त्रास टिकला तर इंजेक्शनचा विचार होतो, आणि ‘कमरेत मारलेली सुई’ ती नव्हे. कुल्ल्याच्या स्नायूत दिलेले डायक्लोफिनॅक किंवा डेक्सामेथासोन रक्तातून सगळ्या अंगात फिरते. दबलेल्या जागी त्याचा वेगळा असा उपयोग होत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात तशातली ही गत. वर जठराला आणि मूत्रपिंडाला त्रास, मधुमेह्याची साखर चढणे हे भोग आहेतच. सुईची जागा चुकली तर कुल्ल्यातली मुख्य सायटिक नसच जखमी होऊन पाऊल लोंबकळू शकते. नसलेला सायटिका असा ओढवून घेतला जातो.

खरे इंजेक्शन जांघेजवळ, हाडाच्या त्या टोकाच्या आतल्या-खालच्या बाजूला, नसेभोवती दिले जाते. त्यात जागा बधिर करणारे औषध असते आणि बहुधा त्याच्या जोडीला थोडे स्टिरॉइड. नसेची वाट माणसागणिक थोडी बदलते, म्हणून सोनोग्राफीच्या पडद्यावर नस पाहत सुई नेणे अधिक अचूक ठरते. वेदनातज्ज्ञ, भूलतज्ज्ञ किंवा सराव असलेले अस्थिरोगतज्ज्ञ हे काम करतात. बधिर करणाऱ्या औषधाने अर्ध्या तासात आग थांबली, तर निदानही पक्के होते. काही तासांनी ते उतरते आणि आग परत येते. ‘सुई वाया गेली’ म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरा दवाखाना गाठू नये. स्टिरॉइडचा गुण दिसायला काही दिवस लागतात, मग तो आठवडे ते महिने टिकतो.

कॉक्रेनच्या आढाव्यात असे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ८३ टक्के रुग्णांना गुण आला होता. मात्र काहीही न करता नुसती वाट पाहिलेल्यांच्या छोट्या गटातही ६९ टक्के सुधारले होते, आणि हे आकडे काटेकोर तुलनात्मक चाचण्यांचे नव्हते. सुई उपयोगी आहे, जादूची नाही. पट्टा पुन्हा आवळला की दुखणे परत येते, आणि दर महिन्याला स्टिरॉइड टोचत राहणे हा त्यावर मार्ग नाही. दोन-तीनदा देऊनही त्रास हटला नाही तर नसेवरचा दाब शस्त्रक्रियेने मोकळा करता येतो. तशी वेळ थोड्यांवरच येते.

इंजेक्शनआधी मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, औषधाची अॅलर्जी आणि गरोदरपण डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. औषध शेजारच्या मोठ्या नसेपर्यंत पसरले तर काही तास गुडघा लचकतो. म्हणून त्या दिवशी दुचाकी चालवत घरी येऊ नये, सोबत कोणीतरी न्यावे. मधुमेह्यांनी पुढचे काही दिवस साखर तपासावी. टोचलेल्या जागी लाली, पू किंवा ताप आल्यास लगेच परत जावे.

बधिर मांडीवर गरम विटेचा, वाळूचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक घेऊ नये. कातडीला चटका कळत नाही आणि फोड आल्यावरच भाजल्याचे लक्षात येते. डाग देणे हा तर उपचारच नव्हे, ती इजा आहे.

काही लक्षणे मात्र या दुखण्यात बसत नाहीत आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष महागात पडते. पायातली ताकद कमी होणे, जिना चढताना गुडघा दगा देणे, मांडी बारीक होत जाणे, कळ गुडघ्याखाली उतरणे, ताप, विनाकारण वजन घटणे किंवा पूर्वी झालेला कर्करोग असेल तर तपासणी लांबवू नये. एका पायाला अचानक सूज आली तर रक्तवाहिनीत गुठळी असू शकते. आगीनंतर पाण्याने भरलेले पुरळ उठले तर ती नागीण असते. तिच्यावरची औषधे पहिल्या तीन दिवसांत सुरू झालेली चांगली, लेप लावण्यात ते दिवस घालवू नयेत. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करून जिल्हा रुग्णालय गाठावे.

बाकीच्यांनी आधी कमरेचा पट्टा सैल करावा आणि मग डॉक्टरकडे जावे. सुई सुचवली गेलीच तर तीन प्रश्न विचारावेत: कोणत्या नसेसाठी, कोणत्या जागी, कोणते औषध? ज्याला या तिन्हींची उत्तरे देता येत नाहीत, त्याच्याकडून सुई घेऊ नये.