रेडिओवर तेच ते गाणं का?

प्रश्न : माउलींची पालखी आमच्या गावी मुक्कामाला असते तेव्हा दिंड्यांतून काय एकेक चाली ऐकायला मिळतात! रेडिओवर मात्र तीच दहा-बारा गाणी फिरून फिरून. चांगलं गाणं मागं पडतं ते आम्हा ऐकणाऱ्यांमुळे, की वाजवणाऱ्यांमुळे?
– एक वाचक, नातेपुते

उत्तर : आधी वाजवणाऱ्यांमुळे. भजनातली पेटीच घ्या. विदेशी वाद्य, तिच्यातून मींड निघत नाही, असं म्हणून १९४० साली रेडिओने तिला दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत. गावोगावच्या देवळांत ती खुशाल वाजत होती!

१९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार. सिनेगीतं त्यांना उथळ वाटत. त्यांनी गाण्यांना चाळणी लावली, चित्रपटाचं नाव सांगणंही बंद केलं. निर्माते चिडले आणि त्यांनी गाणीच काढून घेतली. श्रोत्यांनी शास्त्रीय गायन ऐकत बसावं ही अपेक्षा. पण श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच डिसेंबरात तिथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारला विविध भारती काढावी लागली. मंत्री तेव्हाही केसकरच.

पण याच काळात, १ एप्रिल १९५५ ला, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. सीताकांत लाडांची कल्पना, माडगूळकरांचे शब्द, फडक्यांच्या चाली. वर्षभरात ५६ गाणी. लोक रेडिओला हार घालून ऐकायला बसत. ते कुणी पोस्टकार्ड पाठवून मागितलेलं नव्हतं. जे अजून जन्मालाच आलं नाही ते मागणार कोण? केसकरांची आवड वाईट नव्हती. बंदीने ती रुजेना, एवढंच.

आजच्या खासगी एफएमवर गाण्यांना अशी बंदी नाही, पण धास्ती आहे : अनोळखी गाणं लागलं की श्रोता स्टेशन बदलेल, आणि त्याच्यामागून जाहिरातही जाईल. म्हणून ठरलेली यादी, तीच पुन्हा पुन्हा. कानावर पडतं तेच आवडतं, आवडतं त्याचीच फर्माईश होते. इथे मात्र थोडा वाटा तुमचाही.

आकाशवाणीत भजन-लोकसंगीताला अजून जागा आहे. गावातल्या भजनी मंडळाला सांगा, सोलापूर केंद्रावर ऑडिशन कधी असते ते विचारून घ्या. पेटी न्यायला आता हरकत नाही.