यंत्रनट आणि सात्त्विक अभिनय

यंत्र नटाची बरोबरी करील का, असे विद्यार्थी आता वर्गात विचारतात. ‘यंत्राला भावना नसतात’ हे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते.

जपानी नाटककार ओरिझा हिराता आणि यंत्रमानवशास्त्रज्ञ हिरोशी इशिगुरो यांनी २०१० मध्ये ‘सायोनारा’ ही छोटी नाटिका रंगभूमीवर आणली. मरणपंथाला लागलेल्या तरुणीला एक यंत्रस्त्री कविता म्हणून दाखवते. ही भूमिका ‘जेमिनॉइड एफ’ या यंत्रानेच केली. हवेच्या दाबावर त्याचा चेहरा आणि मान हले. आवाज पडद्यामागच्या अभिनेत्रीचा होता.

भरताच्या चार अभिनयप्रकारांपैकी आंगिक, वाचिक आणि आहार्य हे तीन येथे यंत्राकडून साधले गेले. उरतो तो सात्त्विक. स्वेद, रोमांच, अश्रू हे सात्त्विक भाव म्हणजे नटाची खरी भावना, असा आपला समज असतो. परंतु भरत सत्त्वाचे मूळ मनाच्या एकाग्रतेत सांगतो. अभिनवगुप्ताच्या मते तर रसाचा आस्वाद प्रेक्षक घेतो. नट हे केवळ पात्र, म्हणजे भांडे. फ्रेंच विचारवंत दिदरो यानेही थोर नटाने स्वतः भावविवश होऊ नये, असे मानले. तेव्हा यंत्राला केवळ भावनेच्या मुद्द्यावर बाद करता येत नाही.

मग भेद कुठे आहे? माझ्या मते ही एकाग्रता कशावर असते, यात. गोव्यातल्या जत्रेत देवळासमोर नाटक करणारा नट हशा ओसरेपर्यंत पुढचे वाक्य रोखून धरतो. सहकलाकार अडखळला तर त्याला सावरून घेतो. हशा मोजून थांबणे उद्या यंत्रालाही शिकवता येईल. पण प्रयोग पडला तर त्याचे उत्तर यंत्राकडे मागता येत नाही. नट मात्र उत्तरदायी असतो, म्हणूनच त्याला हक्कही असतात. हॉलिवूडमधील कलाकारांनी २०२३ मध्ये ११८ दिवस संप केला, तेव्हा आपल्या चेहऱ्याची संगणकीय प्रतिकृती वापरण्यापूर्वी संमती आणि मोबदला ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. ‘सायोनारा’तल्या यंत्रामागेही एक अभिनेत्री होतीच.

नाट्यशिक्षकांनी यातून एक गोष्ट घ्यावी. विद्यार्थ्याला रडून दाखवायला शिकवण्याआधी समोरच्याचे ऐकायला शिकवावे. हुबेहूब अश्रू यंत्रही ढाळील. समोरच्याला सांभाळून घेण्याची जबाबदारी नटालाच पेलावी लागेल.